विमान उतरलं, पुढे काय? छोटे विमानतळ आणि जोडगाडीचा इतिहास

या मालेत आपण रस्ते, बंदरं, रेल्वे असं एकेक करून बघत आलो आहोत. आजचा विषय छोट्या विमानतळांचा आहे. पण सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आज आम्ही विमानांबद्दल कमी आणि विमानाच्या आधी-नंतरच्या प्रवासाबद्दल जास्त बोलणार आहोत. कारण छोट्या विमानतळांचा इतिहास आपल्याकडे नेहमी उद्घाटनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. धावपट्टी कधी झाली, फीत कोणी कापली, पहिलं विमान कधी उतरलं. उतरलेला माणूस आपल्या घरी कसा पोचला, किती वाजता पोचला, हे मात्र कुठे नोंदलेलं नसतं.

आम्ही त्याला 'जोड' म्हणतो. एक वाहन जिथे सोडतं आणि दुसरं जिथे उचलतं, त्या दोहोंमधली जागा आणि त्या दोहोंमधला वेळ. प्रवासाचं यशापयश बहुतेक वेळा या जोडावर ठरतं. आणि आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा असा, की जोड कोणाच्या ताब्यात होता, हे बघितलं की कोणती सेवा टिकली आणि कोणती बंद पडली याचा बराचसा उलगडा होतो.

हा प्रश्न विमानाबरोबर जन्माला आला नाही. थोडं मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, हे आपल्याला पाठ आहे. त्यानंतर १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत गेले. १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. आणि मधे काय? मधे बोरघाट. घाटातला मार्ग पूर्ण व्हायला १८६३ साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं मुंबई–पुणे प्रवास असा होता: खोपोलीला आगगाडीतून उतरायचं, घाट पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत चढायचा, आणि वर खंडाळ्याला दुसऱ्या आगगाडीत बसायचं. त्या काळातलं सगळ्यात आधुनिक वाहन आणि सगळ्यात जुनं वाहन एकाच प्रवासात. आता बघा, इथे आगगाडीचा वेग कितीही असला तरी त्या दिवशीचा प्रवास किती लांबणार हे ठरवत होते पालखीचे भोई. सबंध साखळी सगळ्यात हळू कडीच्या चालीने चालते.

कुर्डुवाडीचंही तसंच. मुंबईकडून येणारी मोठी गाडी ब्रॉडगेज, आणि बार्शी लाइट रेल्वे नॅरोगेज. ती १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, पुढे एका बाजूने लातूरला आणि दुसऱ्या बाजूने मिरजेला. पंढरीला जाणारा माणूस कुर्डुवाडीला उतरायचा, पेटी-वळकटी घेऊन फलाट बदलायचा आणि छोट्या गाडीत बसायचा. जंक्शन या शब्दाचा आपल्याकडचा अर्थच मुळी असा झाला: जिथे गाडी बदलावी लागते ते जंक्शन. आणि जंक्शन चांगलं कोणतं? जिथे छोटी गाडी मोठ्या गाडीसाठी थांबते ते.

कोकणात तर जोड पाण्यावर होता. मुंबईहून निघालेली आगबोट बऱ्याच बंदरांत धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर उभी राहायची, आणि पडावातून माणसं, बोचकी, कोंबड्या, सगळं किनाऱ्यावर यायचं. पावसाळ्यात आगबोट बंद. चाकरमान्याला गणपतीला घरी जायचं असेल नेमका त्याच सुमाराला समुद्राचा भरवसा नसे. सेवा असणं वेगळं आणि गरजेच्या दिवशी सेवा असणं वेगळं, हा धडा कोकणाने फार पूर्वी घेतला होता.

आता विमानाकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून डी हॅविलँड पस मॉथ या छोट्या विमानातून निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईला जुहूला उतरले. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ म्हणून हा दिवस आपण साजरा करतो. पण कराचीहूनच का? मुंबई–मद्रास एवढंच का नाही? कारण कराचीला इम्पीरियल एअरवेजचं विमान लंडनची टपाल घेऊन येत असे. ती टपाल कराचीला उतरल्यावर पुढे आगगाडीने देशभर जायची आणि त्यात दिवस मोडायचे. टाटांनी विकलं ते उड्डाण नव्हे. त्यांनी विकला तो जोड. लंडनहून आलेलं विमान उतरलं की तिथे पुढचं विमान तयार. आपल्या देशातली पहिली विमानकंपनी ही जोडसेवा होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

त्या पहिल्या उड्डाणात अहमदाबादला विमानात इंधन भरलं गेलं, आणि त्या इंधनाचे डबे धावपट्टीपाशी आले होते बैलगाडीतून. पुन्हा तीच गोष्ट. वरचं वाहन विसाव्या शतकातलं, खालचं वाहन हजारो वर्षं जुनं, आणि दोघांची वेळ जुळली म्हणून काम झालं.

जुहूचं मैदान समुद्रालगत सखल जागेवर. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. मग टाटांनी काय केलं? पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवला. म्हणजे सेवा बंद नाही केली, जोडाची जागा बदलली. पहिल्या वर्षात या सेवेने सुमारे १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं, प्रवासी नेले १५५, आणि नफा झाला ६० हजार रुपये. १५५ हा आकडा लक्षात ठेवा. वर्षभरात १५५ माणसं. आजच्या हिशोबात दोन-सव्वादोन विमानं भरतील एवढी. तरी कंपनी नफ्यात होती, कारण पोट टपालावर चालत होतं. सरकारने अनुदान दिलं नव्हतं, नेलेल्या टपालाचे पैसे दिले होते. एक ठरलेलं गिऱ्हाईक, ठरलेलं काम, आणि वेळ पाळण्याची सक्ती. हे तीन मुद्दे पुढे पुन्हा येणार आहेत.

यानंतर १९४८ चा जून महिना बघा. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी सुटली. आणि बरोबर एक आठवड्याने, ८ जून १९४८ ला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. एकाच आठवड्यात दोन आरंभ. एक तालुक्याकडे जाणारा, एक जगाकडे. पुढच्या पंच्याहत्तर वर्षांत एसटी 'गाव तिथे' पोचली. विमानंही वाढली, देशात कोट्यवधी लोक उडू लागले. पण ही दोन वेळापत्रकं कधी एका टेबलावर ठेवून बघितली गेली का? अपवाद सोडले तर नाही. एसटीचं वेळापत्रक बाजार, शाळा, कचेऱ्या आणि रेल्वे स्टेशन यांच्या वेळा बघून ठरलं. ते योग्यच होतं, कारण विमानाने येणारा माणूस तेव्हा मोजण्याइतकासुद्धा नव्हता. पण परिस्थिती बदलल्यावरही सवय तीच राहिली.

आता आम्ही ज्या गोष्टीवर जरा जास्त वेळ घेणार आहोत ती नागपूरची. ३० जानेवारी १९४९ पासून देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांचा तिच्यामागे आग्रह होता. योजना अशी: रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीच्या पुढेमागे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल. मुंबईच्या विमानाने आणलेल्या दिल्लीच्या, कलकत्त्याच्या, मद्रासच्या थैल्या त्या त्या विमानात जायच्या, आणि तिकडच्या मुंबईच्या थैल्या या विमानात यायच्या. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. पहाटे टपाल शहरात, आणि सकाळच्या बटवड्याला पत्र दारात. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रंसुद्धा जादा आकार न घेता विमानाने न्यायची पद्धत सुरू झाली. पंधरा दिवसांची वाट बघणारा बाप आणि परगावी शिकणारा मुलगा यांच्यातलं अंतर या एका व्यवस्थेने एका रात्रीवर आणलं.

नागपूरच का? नकाशा बघा. नागपूरहून ही चारही शहरं हवाई अंतराने साधारण सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात. त्या काळच्या डकोटा विमानाला तीन-चार तासांचं काम. म्हणजे रात्री निघून, अदलाबदल करून, उजाडायच्या आत परत येता येतं. सहा थेट मार्ग चालवायच्या ऐवजी चार विमानांत सहाच्या सहा जोड्या सांधल्या गेल्या. आज ज्याला 'हब' म्हणतात ते हेच. अमेरिकेत फेडेक्स कंपनीने मेंफिस शहरात याच तत्त्वावर रात्रीची पार्सलसेवा सुरू केली १९७३ मध्ये. नागपूर तिच्या चोवीस वर्षं आधी हे करत होतं. त्या विमानांतून प्रवासीही जात. झोपमोड सोसायची तयारी असलेला माणूस नागपूरला विमान बदलून पुढे जाऊ शकत असे.

या व्यवस्थेतला खरा पेच कुठे होता? एक विमान उशिरा आलं तर बाकीच्या तिघांनी काय करायचं? थांबायचं, की निघायचं? थांबलं तर चारही शहरांची टपाल उशिरा. निघालं तर एका शहराची टपाल राहिली. हा निर्णय कोणीतरी एकाने घ्यायला लागतो, आणि त्याच्याकडे चारही विमानांचा अधिकार असायला लागतो. नागपूरला हे जमलं कारण मालाचा मालक एक होता, टपालखातं. खाली उतरवून घेणारं, वर्गवारी करणारं, पुढे रेल्वेच्या टपालडब्यात चढवणारं आणि दारात नेऊन देणारं, सगळं एकच खातं. वरचं वाहन आणि खालचं वाहन यांच्यामध्ये भिंत नव्हती. ही सेवा १९७० च्या दशकापर्यंत चालली. नागपूरला काही खास काचेची इमारत नव्हती. होती ती ठरलेली वेळ आणि ती पाळणारा माणूस. हब हा इमारतीने होत नाही, तासाने होतो.

इकडे १९५३ मध्ये विमानकंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. आठ कंपन्यांचा देशांतर्गत व्यवहार एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. त्या आठांमधली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही युद्धाआधीपासून मुंबईहून काठेवाडातल्या संस्थानांकडे विमानं नेत असे. संस्थानिकांना विमानांची हौस होती हे खरं, पण हौसेबरोबर गरजही होती. आपल्याकडे कोल्हापूरला राजाराम महाराजांनी उजळाईवाडीला विमानतळ केला तो याच काळात, १९३० च्या दशकाच्या अखेरीस. संस्थानं विलीन झाली आणि या छोट्या धावपट्ट्यांचा पालक गेला. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. धावपट्टी राहते, पालक जातो. मग गवत वाढतं.

पुढे जेट विमानं आली, मोठी झाली, आणि छोट्या धावपट्ट्यांवर त्यांना उतरता येईना. ती पोकळी भरायला २० जानेवारी १९८१ ला 'वायुदूत' स्थापन झाली. मूळ हेतू ईशान्य भारत. नंतर ती देशभर पसरली, शंभराच्या आसपास ठिकाणं तिच्या नकाशावर आली. एकोणीस आसनांचं डॉर्निअर २२८ हे तिचं ओळखीचं विमान, आणि ते कानपूरला एचएएलमध्ये बांधलं जायचं. कल्पना चांगली होती. पण ठिकाणं वाढली त्या प्रमाणात विमानं वाढली नाहीत. एकच विमान दिवसात चार-पाच गावं करायचं. सकाळी पहिल्या गावाला वीस मिनिटं उशीर झाला की संध्याकाळी शेवटच्या गावाला तो दोन तासांचा व्हायचा, आणि अंधारात उतरायची सोय नसलेल्या धावपट्टीवर दोन तासांचा उशीर म्हणजे फेरी रद्द. मग लोक काय करतात? ते त्या विमानावर अवलंबून राहणं सोडतात. विमानाला प्रवासी नाहीत असं मग कागदावर दिसतं. प्रवासी होते, भरवसा नव्हता. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं.

१९९४ मध्ये खाजगी कंपन्यांना दारं कायद्याने उघडली आणि त्याबरोबर एक नियम आला: मुंबई–दिल्लीसारख्या गर्दीच्या मार्गांवर जेवढी क्षमता लावाल तिच्या ठराविक प्रमाणात ईशान्य, काश्मीर, अंदमान अशा भागांत आणि इतर छोट्या मार्गांवरही विमानं चालवावी लागतील. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने एटीआर विमानं घेऊन बेंगळुरू–हुबळीसारख्या मार्गांपासून सुरुवात केली, आणि तिकीट सामान्य माणसाच्या हिशोबात आणलं. दोन्ही गोष्टींनी फरक पडला. पण दोन्हींमध्ये विचार धावपट्टीपाशी थांबत होता.

मग आली 'उडान'. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमला–दिल्ली विमानाला निरोप दिला, आणि त्याच दिवशी कडप्पा–हैदराबाद आणि आपलं नांदेड–हैदराबाद. योजना समजून घेऊ. तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या आसनांचं भाडं अडीच हजार रुपयांच्या मर्यादेत ठेवायचं. त्यामुळे कंपनीला येणारी तूट तीन वर्षं भरून द्यायची. त्यासाठी पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार बसवून उभा करायचा, आणि काही वाटा राज्यांनी द्यायचा. शिवाय राज्यांनी जमीन, इंधनावरच्या करात सवलत, सुरक्षा, अग्निशमन या गोष्टीही द्यायच्या. आणि त्या यादीत आणखी एक ओळ आहे: विमानतळाला रस्ता, रेल्वे, जलमार्ग यांनी आसपासच्या मुलखाशी जोडून द्यायचं. म्हणजे कागदावर जोडाची आठवण ठेवलेली आहे! पण रस्ता देणं आणि रस्त्यावर ठरल्या वेळी गाडी देणं या दोन गोष्टी आहेत. रस्ता बांधकाम खातं देतं. गाडीची वेळ कोण देणार, हे त्या ओळीत नाही.

२०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि त्यानंतर, मार्च २०२३ पर्यंत, स्वतःच्या बळावर टिकले ५४. मंजूर मार्गांच्या हिशोबात शंभरातले सात. हे आकडे सांगून योजनेला मोडीत काढायचा आमचा हेतू नाही. डोंगराळ भागाला, बेटांना, ईशान्येला विमानसेवा ही चैन नव्हे. पण शंभरातले सात टिकतात तेव्हा बाकीच्या त्र्याण्णवांचं काय चुकलं हे विचारणं आपलं काम आहे, कारण पैसा आपला आहे.

कारणं बरीच सांगितली जातात आणि ती खरी आहेत. मुंबईसारख्या विमानतळावर उतरायला वेळ, म्हणजे 'स्लॉट', मिळत नाही. मिळाला तर पहाटे नाहीतर भर दुपारी, ज्याचा पुढच्या विमानाशी मेळ नाही. कंपन्या लहान, विमानं मोजकी. एक बिघडलं की चार मार्ग बंद. नांदेडला सेवा देणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंदच पडली. या कारणांत आम्ही एक भर घालतो, आणि त्यासाठी तीन विमानतळ शेजारी ठेवून बघू.

शिर्डीचा विमानतळ काकडीला. १ ऑक्टोबर २०१७ ला त्याचं उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केलं. तिथे उतरणाऱ्या बहुतेक सगळ्यांना एकाच ठिकाणी जायचंय, आणि ते ठिकाण चौदा-पंधरा किलोमीटरवर. बस भरते, टॅक्सी भरते. नांदेडचं काहीसं तसंच. हुजूर साहिबला येणाऱ्या भाविकांचा ओघ ठरलेला, विमानतळ शहरालगत. कंपनी बंद पडली तरी मागणी राहिली.

आता सिंधुदुर्ग, म्हणजे परुळ्याजवळचं चिपी. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन. मुंबईहून एटीआर यायचं, सत्तरेक आसनांचं. ते पूर्ण भरलं असं धरा. सत्तर माणसं उतरली. ती कुठे जाणार? काही मालवणला, काही वेंगुर्ल्याला, काही कुडाळला, काही कणकवलीला, काही सावंतवाडीकडे. पाच दिशांना चौदा-चौदा माणसं. चौदा माणसांसाठी एसटी सुटत नाही, परवडत नाही. मग स्पेशल गाडी. मग विमानाच्या सवलतीच्या तिकिटात वाचलेला पैसा शेवटच्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये जातो. त्यात जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला. तिथे दिवसाला अनेक विमानं, एक चुकलं तर दुसरं. सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळ. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात, सवलतीची तीन वर्षं संपता संपता, मुंबई–चिपी विमान बंद झालं.

फरक दिसतो ना? शिर्डीला एक तोंड आहे, चिपीला पाच. जिथे एक तोंड असतं तिथे जोड आपोआप तयार होतो, रिक्षावाले, हॉटेलवाले तो करतात. जिथे पाच तोंडं असतात तिथे तो मुद्दाम करावा लागतो. चौदा माणसांसाठी मोठी बस नव्हे, लहान गाडी लागते. तिची वेळ विमानाच्या वेळेला बांधावी लागते. विमान उशिरा आलं तर तिने थांबावं लागतं. आणि तिची तूटही त्याच हिशोबात धरावी लागते ज्या हिशोबात विमानाची धरली. विमानाच्या आसनाला सरकार पैसे देतं आणि गाडीच्या आसनाला देत नाही, तेव्हा आपण अर्धाच पूल बांधत असतो.

याची किंमत फक्त प्रवासी देत नाही. सोलापूरला विमानसेवेच्या आड येते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. कारखाना सहकारी, सभासद शेतकरी. बरोबर की चूक यावर सोलापुरात अजून दोन मतं आहेत, आम्ही त्यात पडत नाही. पण गाव विमानासाठी एवढं मोजत असेल तर बदल्यात मिळणारी सेवा फीत कापण्यापुरती असून चालणार नाही, एवढं दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

व्याख्यानांनंतर नेहमी विचारलं जातं, की इतिहास ठीक आहे, आम्ही प्रवास ठरवताना काय करू? तर या सगळ्या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, प्रवास शेवटाकडून आखा. घरी किती वाजता पोचायचं, शेवटची एसटी कितीची, मग विमान कोणतं. आपण तिकिटाच्या किमतीपासून सुरुवात करतो आणि रात्री स्टँडवर अडकतो. दुसरी, छोट्या विमानतळाबाबत 'विमान आहे का' हे अर्धंच विचारणं झालं. 'हे चुकलं तर पुढचं कधी' हे विचारा. उत्तर 'दोन तासांनी' असेल तर गोष्ट वेगळी, 'परवा' असेल तर वेगळी. रोज नसलेल्या विमानाला जोडून लग्न, परीक्षा, शस्त्रक्रिया ठेवू नका. मधे एक मुक्काम धरा. तिसरी, दोन विमानं एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं काढली तर मधला जोड तुमचा, आणि तुटला तर भुर्दंडही तुमचा. मुंबईला तर आता आणखी बघायला लागेल, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालंय. उतरणार एका विमानतळावर आणि निघणार दुसऱ्यावरून, असं झालं तर मधला रस्ता तुमचाच. चौथी, हवा आणि उजेड. २०१९ च्या नोव्हेंबरात शिर्डीला दृश्यमानता कमी म्हणून विमानं कित्येक दिवस बंद होती. अंधारात किंवा धुक्यात विमान उतरवायला जमिनीवर जी यंत्रणा लागते ती प्रत्येक छोट्या विमानतळावर नसते. थंडीतली सकाळ आणि दिवसातली शेवटची फेरी या दोन्हींवर भरवसा जरा बेतानेच ठेवावा.

पण मंडळी, हे चार सल्ले म्हणजे तुटलेल्या जोडाची जबाबदारी प्रवाशाने स्वतःच्या डोक्यावर घेणं आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो मधे एक मुक्काम करेल, स्पेशल गाडी करेल. आखातात मजुरी करणारा रत्नागिरीचा माणूस, घरचं कोणी गेल्याचा फोन येतो आणि मिळेल त्या विमानाने मुंबईला उतरतो, त्याने काय करायचं? हजारो किलोमीटर तो काही तासांत येतो आणि शेवटच्या साडेतीनशे किलोमीटरला त्याचा दिवस जातो. मातीला तो पोचतो की नाही, हे विमानाच्या वेगावर ठरत नाही.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमान उतरलं. बोरीबंदर–ठाणे गाडीचीच तारीख, १७२ वर्षांनंतरची. आनंदाची गोष्ट आहे. अशी उद्घाटनं आणखीही होतील, व्हावीत. आमची मागणी एवढीच आहे की तिथे एक प्रश्न सगळ्यांनी मिळून विचारावा. विमान कितीला उतरतं हे फलकावर लिहिलेलं असतंच. त्याखाली आणखी एक ओळ हवी: इथून अचलपूरची, दर्यापूरची, मोर्शीची गाडी कितीला, आणि विमानाला उशीर झाला तर ती थांबणार का. १९४९ मध्ये नागपूरला मध्यरात्री थैल्यांसाठी विमानं थांबत होती. माणसांसाठी एक बस थांबवणं त्याहून अवघड नसावं.

आज इथेच थांबतो. आपापल्या गावचा अनुभव जरूर लिहा: विमानतळ, उतरल्याची वेळ आणि घरी पोचल्याची वेळ, एवढं पुरे. त्या दोन वेळांमधलं अंतर हीच पुढच्या इतिहासाची नोंद आहे.